कुंडीतल्या गाजराला पाय का फुटतात?

गच्चीवर गाजरं लावणाऱ्या एका वाचक भगिनींनी विचारलं आहे, "पाला झकास वाढतो, पण उपटल्यावर हातात येतं ते दोन-तीन पायांचं, बोटभर गाजर. निचऱ्यासाठी कुंडीच्या तळाला विटांचे तुकडेही घातले होते. तरी असं का?" माझा पहिला संशय त्या विटांच्या तुकड्यांवरच आहे.

गाजर आधी लांबी ठरवतं, जाडी नंतर. बी रुजल्यावर पहिल्या काही आठवड्यांत, वर जेमतेम दोन-चार पानं असताना, बारीक सोटमूळ सरळ खाली जातं. त्याचं टोक शाबूत राहिलं तर पुढे तेच भरतं. टोक खड्याला अडलं, रोप हलवताना तुटलं किंवा कुजलं, तर बाजूची मुळं पुढे सरसावतात आणि प्रत्येक मूळ आपापलं गाजर होऊ पाहतं. म्हणून गाजराची रोपं करून लावत नाहीत, बी जागेवरच पेरतात. खडे आपण वेचतो, पण कुजणं दिसत नाही. पाण्याने गच्च भरलेल्या मातीत हवा उरत नाही आणि पिथियमसारखे रोगकारक जीव तिथे कोवळं टोक सहज गाठतात.

पण कुंडीला तर भोक आहे! मग पाणी साचतंच कसं? भांडी घासायचा आयताकृती स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. ठिबकणं पूर्ण थांबलं की तोच स्पंज हळूच उभा करा. पाणी पुन्हा गळू लागतं. पिळलेला नाही, फक्त उंची वाढली. मातीतही असंच घडतं. बारीक पोकळ्यांनी केशाकर्षणाने धरलेलं पाणी भोकातून बाहेर पडायला वर पुरेशा उंचीच्या पाण्याचा भार लागतो. तो संपला की गळणं थांबतं आणि तळाचा थर चिंबच राहतो. या थराची जाडी मातीच्या बारीकपणावर ठरते, कुंडीच्या खोलीवर नाही. समजा तो ६ सेंटिमीटरचा आहे. १० सेंटिमीटर मातीत निम्म्याहून अधिक भाग चिंब, ३० सेंटिमीटर मातीत फक्त पाचवा हिस्सा.

या ज्ञानाचं मूळ एडगर बकिंगहॅम यांच्यापाशी जातं. अभियांत्रिकीचे विद्यार्थी त्यांना 'पाय (π) सिद्धांता'मुळे ओळखतात, पण त्याआधी ते अमेरिकेच्या कृषी खात्यात मातीचा अभ्यास करत होते, हे फार थोड्यांना माहीत असतं. मातीने भरलेल्या उंच नळ्या त्यांनी पाण्यात उभ्या केल्या, बाष्पीभवन रोखलं आणि बऱ्याच दिवसांनी प्रत्येक उंचीवरचा ओलावा मोजला. तळाशी चिंब, वर जावं तसं कोरडं! यातून त्यांनी मातीतल्या पाण्याच्या ओढीला गणिती रूप दिलं. १९०७ साली एका सरकारी पुस्तिकेत ते छापून आलं, तोवर बकिंगहॅम खातं सोडून गेलेही होते. आजचं मृदा-भौतिकशास्त्र ज्या पायावर उभं आहे, तो घालणाऱ्या माणसाचं नाव बागकामाच्या एकाही पुस्तकात मला दिसलेलं नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

विटांच्या तुकड्यांचा निकाल १९५९ साली वॉशिंग्टन स्टेट कॉलेजच्या गार्डनर आणि श्ये यांनी चित्रफितीतूनच दाखवला. काचेआड बारीक माती, तिच्याखाली भरड थर. ओल खाली सरकत येते, सीमेवर थबकते आणि वरची माती जवळजवळ तुडुंब होईपर्यंत खाली उतरतच नाही. बारीक पोकळ्या पाणी घट्ट धरतात, मोठ्या पोकळ्यांना ते ओढून घेता येत नाही. म्हणजे विटांमुळे चिंब थर नाहीसा होत नाही, उलट तेवढा वर, मुळाच्या जवळ सरकतो. तरीही निचऱ्याचा हा सल्ला आजही बागकामाच्या वर्गात दिला जातो.

तेव्हा ताई, विटा काढून टाका. भोकावर जाळीचा तुकडा पुरे. निदान ३० सेंटिमीटर खोल बादली किंवा कापलेला ड्रम घ्या आणि तो वरपर्यंत भरा. नुसती काळी माती फार बारीक पडते. तिच्याऐवजी चाळलेलं, पूर्ण कुजलेलं कंपोस्ट, कोकोपीट आणि भरपूर भरड वाळू यांचं भुसभुशीत मिश्रण करा. ताजं शेणखत नको, त्यानेही मुळांना फाटे फुटतात. ऑक्टोबरचा उन्हाळा ओसरला की नॅन्टीस किंवा पुसा केसरचं बी अर्धा-एक सेंटिमीटर खोल पेरा, उगवेपर्यंत ओलं गोणपाट झाका आणि नंतर रोपं सुमारे पाच सेंटिमीटर अंतरावर विरळ करा. गाजराचा माथा उघडा पडून हिरवा होऊ लागला तर त्यावर माती ओढा.

आणि आहेत त्याच उथळ कुंड्या वापरायच्या असतील, तर माती भरण्याआधी भोकातून जाड दोरी ओवा. तिचं एक टोक मातीत, दुसरं कुंडीखाली वीतभर लोंबतं राहू द्या. पाण्याच्या दृष्टीने कुंडी तेवढी उंच होते आणि तळाचं पाणी दोरीवाटे उतरतं. मात्र त्यासाठी कुंडी स्टँडवर हवी, आणि दोरीचं टोक साचलेल्या पाण्यात बुडता कामा नये.