शून्ये नऊ की बारा?

समजा तुमच्या हाती खगोलशास्त्राचे एक जर्मन पुस्तक पडले. त्यात एक प्रकाशवर्ष म्हणजे ९.४६ 'बिलिओन' किलोमीटर असे दिले आहे. शेवटचा अनेकवचनी प्रत्यय सोडला, तर हा शब्द रोमन लिपीत अगदी इंग्रजी 'बिलियन'सारखाच लिहितात. बिलियन म्हणजे आपला अब्ज. तेव्हा तुम्ही वहीत '९.४६ अब्ज कि.मी.' असे उतरवून घेता.

आता पडताळा पाहा. प्रकाश दर सेकंदाला सुमारे ३ लाख कि.मी. जातो. ९.४६ अब्जाला ३ लाखांनी भागा. उत्तर येते सुमारे ३१,५०० सेकंद, म्हणजे पुरते नऊ तासही नाहीत! वर्षाचे नऊ तास कसे झाले?

भागाकार बरोबर आहे. दगा दिला तो शब्दाने. इंग्रजी बिलियन म्हणजे एकावर नऊ शून्ये, तर जर्मन बिलिओन म्हणजे एकावर बारा, आपले एक लाख कोटी. स्पॅनिश आणि डच भाषांतही बाराच. नऊ शून्यांच्या संख्येला जर्मन लोक 'मिलिआर्ड' म्हणतात.

हा घोळ झाला कसा? निकोला शुके या फ्रेंच गणितज्ञाने १४८४ साली लिहिलेल्या ग्रंथात हा शब्द आहे. 'बि' म्हणजे दोन. दहा लाखांना दहा लाखांनी गुणायचे, म्हणजे शून्ये बारा. शब्दाला धरून पाहिले तर हाच अर्थ सरळ, असे मला वाटते. पण पुढे फ्रान्समध्येच काहींनी सहा-सहाऐवजी तीन-तीन शून्यांचे गट पाडले आणि बिलियन नवावर आला. अमेरिकेने तो उचलला. ब्रिटन मात्र बाराला चिकटून राहिले. गंमत पुढेच आहे. १९६१ साली फ्रान्स अधिकृतपणे बारावर परतले, आणि १९७४ साली ब्रिटिश सरकारने नऊ शून्ये स्वीकारली!

१९२३ साली जर्मन चलन कोसळले, तेव्हा तेथे एक बिलिओन मार्कची नोट निघाली होती. ती अब्जाची नव्हे, लाख कोटींची. आणि तिच्या बदल्यात नव्या चलनाचा मार्क मिळे फक्त एक.

आम्ही भौतिकीवाले म्हणूनच दहाचा घात लिहितो. तुमच्या ग्रंथालयातील जुन्या ब्रिटिश पुस्तकात 'बिलियन' दिसला, तर आधी प्रकाशनाचे वर्ष पाहा आणि मगच शून्ये मांडा.