एच ५३३२ची नजर

गोचिडीचं पोट सुईने उघडून आतला अंश काचपट्टीवर पसरायचा. तो सुकला की प्रतिपिंडाचा थेंब सोडायचा, थांबायचं, धुवायचं. मग त्या पहिल्याला धरून बसणारं, चमकता रंग जोडलेलं दुसरं प्रतिपिंड. अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की काळोखात हिरव्या, मळसूत्री रेघा उजळतात. लाइम आजाराचे जिवाणू असे नजरेला पडतात. ते दाखवणाऱ्या प्रतिपिंडांतलं जुनं, नावाजलेलं नाव म्हणजे एच ५३३२.

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात, लाइम परिसरातल्या मुलांचे गुडघे का सुजतात, हा प्रश्न १९७५मध्ये तिथल्या दोन आयांनी लावून धरला. उत्तराचा धागा सहा वर्षांनी मोंटानातल्या रॉकी माउंटन प्रयोगशाळेत हाती लागला. शेल्टर आयलंड बेटावरून आलेल्या गोचिडींच्या आतड्यात विली बुर्गडोर्फर यांना मळसूत्री जिवाणू दिसले. आज त्यांचं नाव बोरेलिया बुर्गडोर्फेरी. सहकारी अ‍ॅलन बार्बर यांनी ते बाटलीत वाढवले. काम चिकाटीचं होतं, कारण या जिवाणूला सगळं पोषण आयतं लागतं आणि एकाचे दोन व्हायला त्याला कित्येक तास लागतात.

जिवाणू हाती होते, युक्तीही तयार होती. केंब्रिजमध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी ती १९७५मध्येच मांडली होती. जिवाणू टोचलेल्या उंदराच्या प्लीहेतली पेशी प्रतिपिंड बनवते, पण बाटलीत लवकर मरते. कर्करोगाची पेशी वाढतच राहते. दोघी एकजीव केल्या की एकाच जातीचं प्रतिपिंड अखंड स्रवणारं कुळ मिळतं. एच ५३३२ अशाच कुळातलं. बार्बर आणि सहकाऱ्यांनी १९८३मध्ये त्याचं वर्णन छापलं.

ते ओळखतं जिवाणूच्या आवरणावरचं एकच प्रथिन, ऑस्प-ए. त्याच प्रयोगशाळेतलं एच ९७२४ जिवाणूच्या हालचालीच्या तंतूतलं प्रथिन धरतं. तो तंतू साऱ्या बोरेलियांचा सारखाच, त्यामुळे ते घराणं सांगतं, माणूस सांगत नाही. एच ५३३२ नेमका लाइमवाला हुडकतं.

पण जिवाणू कपडे बदलतो! उपाशी गोचिडीच्या आतड्यात त्याच्या अंगावर ऑस्प-ए असतं. गोचीड रक्त पिऊ लागली, ऊब लागली, की तो ते उतरवू लागतो आणि ऑस्प-सी हे दुसरं प्रथिन चढवतो. टॉम श्वान आणि सहकाऱ्यांनी १९९५मध्ये हे प्रतिपिंडांच्याच चमकेतून दाखवलं. मला या साऱ्या कथेतला हा सर्वांत देखणा प्रयोग वाटतो. गोचिडीत इतकं भरवशाचं असलेलं प्रतिपिंड नुकत्याच आजारी पडलेल्या माणसात म्हणूनच फारसं कामाचं नाही. शिवाय माणसाच्या रक्तात जिवाणू विरळच सापडतात. त्यामुळे रुग्णाच्या तपासणीत बाण उलटा फिरवतात: जिवाणूची प्रथिनं मांडून रुग्णाच्या रक्तात त्यांविरुद्ध प्रतिपिंडं आहेत का, ते पाहतात. ती तयार व्हायला काही आठवडे जातात. तोवर त्वचेवर पसरत जाणारा लाल चट्टा ओळखणारी डॉक्टरची नजरच खरी.

ऑस्प-एवर १९९८मध्ये लसही आली आणि २००२मध्ये बाजारातून काढली गेली. तिची रीत अजब होती. लस घेतलेल्या माणसाचं रक्त गोचीड प्यायची आणि त्या घोटाबरोबर प्रतिपिंडं तिच्या पोटात उतरायची. जिवाणू तिथे अजून जुन्याच पोशाखात असायचे.