यंत्राला द्यावयाच्या छोट्या आज्ञा

माणसे एकमेकांशी बोलतात तेव्हा अर्धे बोलणे न बोलताच भागते. आजीने "बाळ, जरा पाणी आण" म्हटले, की नातू तांब्याभर पाणी आणतो. घागर उचलून आणीत नाही. ही समज यंत्राजवळ नसते. त्याला जेवढे सांगितले तेवढेच ते करते, आणि जसे सांगितले तसेच करते. म्हणून यंत्राला आज्ञा देणे ही आज एक स्वतंत्र विद्या होऊन बसली आहे.

ही विद्या आपल्या गावाच्या अंगणातच आहे. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी १९५४ साली स्थापन झाली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले, आणि बाजरी-ज्वारीच्या शेतांच्या जागी शेडी उभ्या राहिल्या. आज भोसरी-चिंचवडच्या लहान शेडींत वळलेले सुटे भाग चाकणच्या मोटारींत बसतात. तेथील अनेक लेथ आता हाताच्या चाकाने चालत नाहीत, ते सी.एन.सी. आहेत, म्हणजे लिहून दिलेल्या ओळींवर चालतात. जवळच हिंजवडीला संगणकाच्या पडद्यावर ओळी लिहिणारी मंडळी बसतात. एकाचे हात तेलाने माखलेले, दुसऱ्याचे स्वच्छ. परंतु उपयोगी पडलेली ओळ टिपून ठेवण्याची आणि मित्राला देण्याची सवय दोघांनाही आहे. अशा टिपून ठेवलेल्या ओळींविषयीच आज विचार करावयाचा आहे.

आकड्यांवर चालणारे पहिले मिलिंग यंत्र १९५२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत दाखविण्यात आले. त्याला आज्ञा मिळत त्या कागदी पट्टीवरील भोकांतून. पट्टी गेली, पण आज्ञांची धाटणी राहिली. 'जी ००' म्हणजे जलद जा, 'जी ०१' म्हणजे ठरलेल्या गतीने कापीत सरळ जा, 'एम ०३' म्हणजे स्पिंडल फिरव, 'एम ३०' म्हणजे काम संपले.

आता लेथवरच्या एका ओळीचे उदाहरण घेऊ: 'जी ९६ एस २००'. हिचा अर्थ असा, की कापण्याचा वेग मिनिटाला २०० मीटर कायम ठेव. टूल जसजसे जॉबच्या मध्याकडे सरकते तसतसा व्यास कमी होतो, म्हणून वेग राखण्यासाठी फेरे वाढवावे लागतात. व्यास १०० मिलिमीटर असता मिनिटाला सुमारे ६३७ फेरे पुरतात. २० मिलिमीटरला ३१८३ लागतात, १० मिलिमीटरला ६३६६. आणि अगदी मध्याशी? तेथे व्यास शून्य, म्हणजे हिशेबाने फेरे अनंत! बिचारे यंत्र आपल्या शक्तीच्या शेवटापर्यंत धावू लागते. जड जॉब अशा वेगाने फिरला तर चकची पकड सैल होते आणि जॉब सुटून अंगावर येऊ शकतो. म्हणून जाणता सेटर वर आणखी एक ओळ लिहितो, 'जी ५० एस २०००': काही झाले तरी २००० फेऱ्यांपलीकडे जाऊ नकोस. मग सुमारे ३२ मिलिमीटर व्यासापाशी फेरे वाढावयाचे थांबतात.

नवशिक्याने मित्राच्या डायरीतून पहिली ओळ उतरून घेतली आणि दुसरी सोडली, तर? लहान, हलक्या जॉबवर काहीच बिघडणार नाही. महिनाभर काम सुरळीत चालेल. घात होईल तो जड जॉब चढेल त्या दिवशी. बरे, 'जी ५०' हा शब्द जपून लक्षात ठेवावा, तर अनेक मिलिंग यंत्रांवर त्याचा अर्थ अगदी निराळा आहे. शब्द तोच, यंत्र बदलले की अर्थ बदलला.

संगणकावरही हाच न्याय चालतो. माउसने चित्रावर टिचकी मारण्याऐवजी तेथे आज्ञेची ओळ लिहिता येते. युनिक्स या प्रणालीत १९७३ पासून एक मोठी सोय आहे: एका आज्ञेतून निघालेला मजकूर एका उभ्या रेघेने दुसऱ्या आज्ञेत सोडता येतो, जसे एका वाफ्यातले पाणी दुसऱ्यात सोडावे. समजा, वर्षभराच्या तपासणीच्या नोंदी एका फाइलमध्ये आहेत आणि कोणत्या यंत्रावर किती माल नापास झाला हे पाहावयाचे आहे. 'ग्रेप' नापासाच्या ओळी निवडते, 'कट' यंत्राचा क्रमांक तेवढा ठेवते, 'सॉर्ट' क्रम लावते, आणि 'युनिक' सारख्या ओळी मोजते. दोन दिवसांची कारकुनी क्षणात होते. पण 'युनिक'ला फक्त लागून आलेल्या सारख्या ओळीच ओळखता येतात. मधली 'सॉर्ट' गाळली, तर आकडे चुकतात आणि संगणक चकार शब्द काढीत नाही. त्या आकड्यांवर विसंबून कोणा ऑपरेटरला दोष दिला गेला, तर तो अन्याय कोणाच्या माथी?

याहून कठोर उदाहरण 'आर-एम' या पुसण्याच्या आज्ञेचे. तारका, टिंब आणि 'बॅक' ही अक्षरे जोडून लिहिली, तर फक्त जुन्या प्रती पुसल्या जातात. तारकेनंतर चुकून एक मोकळी जागा पडली, की तारका एकटी उरते. आणि एकट्या तारकेचा अर्थ 'येथील सर्व फाइली'. एका रिकाम्या जागेपायी वर्षाची नोंद नाहीशी होते.

यावर दोन्ही धंद्यांतील जाणत्यांचा उपाय एकच आहे. सेटर आधी जॉब न लावता 'ड्राय रन' घेतो, नंतर 'सिंगल ब्लॉक' लावून एकेक ओळ चालवितो. संगणकवाला 'आर-एम'च्या जागी आधी 'एल-एस' लिहितो. ती काहीही पुसत नाही, केवळ कोणत्या फाइली सापडल्या ते दाखविते. यादी पटली, तरच पुढचे पाऊल.

तेव्हा उसनी ओळ अवश्य घ्यावी; विद्या देण्याघेण्यानेच वाढते. परंतु तिच्यातील प्रत्येक अक्षर काय करते ते विचारून घ्यावे, आणि डायरीत ओळीशेजारी लिहून ठेवावे: कोणत्या यंत्रासाठी, कोणत्या कामासाठी, कोणती मर्यादा सांभाळून. आणि ओळ देणाऱ्यानेही ती देताना मर्यादेची ओळ सोबत द्यावी. आपल्या शेजारच्या शेडीत उद्या कामाला लागणाऱ्या मुलाचे हात त्यावर अवलंबून आहेत.