हरेल तो घरी

नेरुळच्या मैदानावर मागच्या पावसाळ्यात शाळकरी मुलांची फुटबॉल स्पर्धा लागली होती. मंडपाच्या बांबूला सुतळीनं एक कार्डशीट बांधलेली. डावीकडे संघांची नावं एकाखाली एक, मग दोन-दोन नावांना जोडणारे कंस, त्या कंसांना जोडणारे पुढचे कंस, असं करत करत अगदी उजव्या टोकाला एकच आडवी रेघ. तिच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. कबड्डी, खो-खोवाले या कागदाला ‘भाग्यपत्रिका’ म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो. जन्मपत्रिका मांडून झाली की नुसती वाचायची असते. ही पत्रिका चिठ्ठ्या टाकून मांडतात आणि मग धावून धावून भरतात.

संघ होते २३. सामने किती होणार, हे मी बोटांवर मोजायला लागलो. पहिल्या फेरीत सात, मग आठ, चार, दोन, एक... माझी बेरीज व्हायच्या आत शेजारी उभी असलेली दहा-अकरा वर्षांची मुलगी म्हणाली, “बावीस.”

“कसे गं?”

“एक जिंकणार. बाकीचे सगळे हरणार. हरायला सामना लागतोच ना काका!”

मी तिच्याकडे बघतच राहिलो. बाद फेरीचं सगळं गणित तिनं एका वाक्यात सांगितलं होतं. प्रत्येक सामना एका संघाला घरी पाठवतो, आणि कुठलाही संघ दोनदा घरी जात नाही. म्हणून संघ कितीही असोत, सामने त्याहून एकानं कमी. फेऱ्या मोजायला नकोत, कंस मोजायला नकोत.

याच गणिताची दुसरी बाजू तर आणखी अजब आहे. २०११ च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत ११ लाखांहून जास्त माणसं होती. समजा, दिघ्यापासून बेलापूरपर्यंतच्या या सगळ्यांची, अगदी तान्ह्या बाळासकट, एकास एक अशी बाद फेरीची स्पर्धा लावली. शेवटी उरणाऱ्या एका माणसाला किती सामने जिंकावे लागतील? फार तर २१. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार अशी गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. तीच गोष्ट इथे उलटी चालते. दर फेरीला निम्मी माणसं गळतात आणि अख्खं शहर २१ पावलांत एका माणसावर येतं.

अडचण एकच. संघ नेमके १६, ३२ किंवा ६४ असे क्वचितच येतात. मग काहींना पहिली फेरी न खेळताच दुसरीत सोडावं लागतं. आपल्याकडच्या क्रीडापानांवर यालाच ‘पुढे चाल’ म्हणतात. अमेरिकेत १९१३-१४ च्या मोसमात नॅशनल चॅलेंज कप ही राष्ट्रीय स्पर्धा पहिल्यांदा भरली तेव्हा ४० संघ आले होते. सगळी पुढे चाल पहिल्याच फेरीत उरकायची, तर ४० चे ३२ करायला हवेत. म्हणजे आठ सामने आणि २४ संघांना सूट. त्यानंतर भाग्यपत्रिका अंतिम सामन्यापर्यंत सरळ निम्मी निम्मी होत जाते. बसल्या जागी मिळणारी ही सूट कधी कधी इतिहासही घडवते, त्याकडे पुढे येतो.

फुटबॉलला बाद फेरीची पद्धत दिली चार्ल्स अल्कॉक या माणसानं. इंग्लंडमधल्या हॅरो शाळेत वसतिगृहांचे आपसांत सामने होत आणि हरलेलं घर बाद होई. अल्कॉक त्या शाळेचा विद्यार्थी. पुढे फुटबॉल असोसिएशनचा सचिव झाल्यावर त्यानं तीच शाळकरी पद्धत देशभरच्या क्लबांना लावली, आणि १८७१-७२ मध्ये पहिला एफए कप खेळला गेला. अंतिम सामन्यात वाँडरर्सनं लष्कराच्या रॉयल इंजिनिअर्सना १-० असं हरवलं. वाँडरर्स म्हणजे भटके. त्यांना स्वतःचं मैदानच नव्हतं. रोव्हर्स या नावाचा अर्थही तोच, भटके.

आणि रोव्हर्स म्हटलं की मुंबईच्या जुन्या माणसाला कूपरेजचं मैदान आठवतं. रोव्हर्स कप १८९१ मध्ये मुंबईत सुरू झाला. ड्युरँड कप त्याच्या तीन वर्षं आधीचा, कोलकात्याची आयएफए शिल्ड दोन वर्षं नंतरची. जगातल्या जुन्यात जुन्या फुटबॉल स्पर्धांत आपल्या खाडीपलीकडची ही स्पर्धा मोडते, आणि तिचं नावही न ऐकलेली मुलं आज नवी मुंबईच्या टर्फवर रात्री अकरापर्यंत खेळतात. मला याची खरोखर हळहळ वाटते.

पहिल्या वर्षी कप नेला वूस्टरशायर रेजिमेंटच्या पहिल्या बटालियननं. पुढे वर्षानुवर्षं विजेत्यांच्या यादीत पलटणीच पलटणी. नवल नाही. छावणीत रोज कवायत, पायात बूट, एकत्र राहणारी-खाणारी तरुण पोरं आणि खेळायला हक्काचं मैदान. समोरचा भारतीय खेळाडू दिवसभराची नोकरी करून येणारा, बहुधा अनवाणी. तरीही १९११ साली कोलकात्यात मोहन बागाननं आयएफए शिल्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ नं हरवलं, तेव्हा बागानचे अकरापैकी दहा जण अनवाणी होते. तोच मोहन बागान १९२३ मध्ये मुंबईत रोव्हर्सच्या अंतिम फेरीत पोचला आणि डरहॅम लाइट इन्फन्ट्रीकडून १-४ असा हरला. हरेल तो घरी. कोलकात्याची गाडी लांबची.

स्पर्धा सुरू झाल्यापासून ४६ वर्षांनी, १९३७ मध्ये, बंगलोर मुस्लिम्स या संघानं हा कप जिंकला. पलटणीबाहेरचा, भारतीयांचा असा तो पहिला विजेता. अंतिम सामना त्यांनी कोलकात्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगविरुद्ध १-० असा घेतला. म्हणजे त्या वर्षी पलटणी शेवटच्या कंसापर्यंत पोचल्याच नव्हत्या! पुढच्या वर्षी बंगलोरवाल्यांनी परत कप नेला, आणि या वेळी अंतिम सामन्यात समोर गोरी पलटण होती. आर्गाइल अँड सदरलँड हायलँडर्स, निकाल ३-२.

बाद फेरी मला इतकी का भावते, ते इथे सांगावंसं वाटतं. साखळीत प्रत्येक जण प्रत्येकाशी खेळतो. तिथे बलाढ्य संघ एखादा सामना हरला तरी पुढच्यांत भरपाई करतो, आणि शेवटी गुणांची बेरीज बहुतेक वेळा ताकदीच्याच बाजूनं झुकते. बाद फेरीत भरपाई नसते. समजा, एखादा संघ इतका तगडा आहे की पाचांतले चार सामने तो जिंकतोच. ६४ संघांच्या स्पर्धेत त्याला सलग सहा जिंकावे लागतील. हिशोब मांडला तर अशा संघालाही कप चार वर्षांतून जेमतेम एकदाच मिळतो. उरलेल्या तीन वर्षांत तो दुसऱ्या कुणाचा तरी असतो. दुबळ्याला फट ठेवणारी ही रचना साम्राज्याच्या लष्करानं हौसेनं रुजवली, आणि त्याच फटीतून बंगलोरचे खेळाडू आत शिरले.

अमेरिकेतली फट वेगळ्या लोकांसाठी होती. तिथला सगळ्यात जुना मोठा चषक, अमेरिकन कप, १८८४-८५ मध्ये सुरू झाला आणि पहिली तीन वर्षं तो जिंकला क्लार्क ओएनटी नावाच्या संघानं. ओएनटी या अक्षरांचा अर्थ होता ‘आमचा नवा धागा’! न्यू जर्सीतल्या शिवणाच्या दोऱ्याच्या कारखान्याचा तो संघ. मूळची स्कॉटलंडची कंपनी, तिच्या रिळांवर छापलेलं नाव. त्यांच्यानंतर दोन वर्षं हा कप नेला फॉल रिव्हर रोव्हर्सनं. फॉल रिव्हर म्हणजे सूतगिरण्यांचं शहर. लँकेशायरच्या गिरण्यांतून आलेले कामगार फुटबॉल सोबत घेऊन आले होते. गिरणगावातल्या चाळीत कबड्डीचे संघ कसे उभे राहिले हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना फॉल रिव्हर वेगळं समजावून सांगायला नको.

मग आली १९१३-१४ ची ती ४० संघांची स्पर्धा. चषक दिला होता थॉमस ड्यूअर या स्कॉटिश व्हिस्कीवाल्यानं. देशभरातून गळत गळत शेवटी उरलेले दोन्ही संघ ब्रुकलिनचे, म्हणजे एकाच गावचे निघाले, आणि अंतिम सामना मात्र दोघांनाही ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटला जाऊन खेळावा लागला. ब्रुकलिन फील्ड क्लबनं ब्रुकलिन सेल्टिकला २-१ नं हरवलं. त्यानंतर बेथलेहेम स्टील या पोलाद कारखान्याच्या संघाचा काळ आला. १९१६, १९१७ आणि १९१८ अशी तीन वर्षं अंतिम सामन्यात तेच दोन संघ समोरासमोर होते, बेथलेहेम स्टील आणि फॉल रिव्हर रोव्हर्स. पहिल्यांदा पोलादवाले १-० नं जिंकले, दुसऱ्यांदा गिरणीवाले १-० नं. तिसऱ्यांदा सामना २-२ असा सुटला, म्हणून परत खेळवला, तेव्हा पोलादवाल्यांनी ३-० नं बाजी मारली.

‘परत खेळवला’ हे आजच्या पोरांना विचित्र वाटेल. पण पेनल्टी शूटआउटला नियमात जागा मिळाली १९७० मध्ये. त्याआधी बरोबरी झाली की पुन्हा एक दिवस, पुन्हा तोच सामना. तेही जमलं नाही, तर संयुक्त विजेते. १९६२ चा रोव्हर्स कप ईस्ट बंगाल आणि आंध्र पोलीस या दोघांत विभागून दिला गेला. ‘एक सोडून सगळे हरणार’ हा त्या मुलीचा नियम तिथे मोडला.

आणि या सगळ्या हिशोबाला पुरून उरला हैदराबाद सिटी पोलीस. १९५० ते १९५४, सलग पाच वर्षं रोव्हर्स कप त्यांचा. वर्षाला चारच सामने धरले तरी पाच वर्षांत २० सामने, एकदाही घरी न जाता. पाचांतले चार जिंकणाऱ्या संघाला हे शंभरातून एखाद्याच वेळी साधेल. दहातले नऊ जिंकणाऱ्याला आठातून एकदा. मग त्या पोलिसांचा दर्जा काय असेल! त्यांचे प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम, पेशानं शिक्षक. साऱ्या भारतीय फुटबॉलमध्ये ज्यांच्यासमोर मी सगळ्यात आधी वाकेन, ते हेच.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला भारताचा संघ नेला तोही रहीमसाहेबांनीच. तिथे पहिल्या फेरीत आपली गाठ हंगेरीशी होती, हंगेरीनं माघार घेतली आणि भारताला पुढे चाल मिळाली. सूट इतिहास घडवते असं मघाशी म्हटलं, ते हेच. पुढचा सामना यजमान ऑस्ट्रेलियाशी. मुंबईच्या मैदानांवर नाव काढलेल्या, मूळ गोव्याच्या नेव्हिल डिसोझानं तीन गोल केले आणि भारत ४-२ नं जिंकून उपांत्य फेरीत गेला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. त्यानंतर युगोस्लाव्हिया आणि बल्गेरियाकडून आपण हरलो, पण चौथा क्रमांक पक्का झाला. एक सूट आणि एक विजय, एवढ्या भांडवलावर! कुणी याला नशीब म्हणेल. ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर, त्यांच्याच प्रेक्षकांसमोर चार गोल नशिबानं होत नाहीत.

रोव्हर्स कप २०००-०१ नंतर बंद पडला. मोठी बाद फेरी खाडी ओलांडून आमच्याकडे आली ती सायन-पनवेल महामार्गालगतच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. २०१७ मध्ये मुलांच्या १७ वर्षांखालील विश्वचषकाची उपांत्य लढत इथे झाली, स्पेननं मालीला ३-१ नं हरवलं. आणि ३० ऑक्टोबर २०२२ ला इथेच मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, स्पेन विरुद्ध कोलंबिया. हे दोन संघ गटातही एकत्र होते आणि तिथेही स्पेननंच १-० असा विजय मिळवला होता. साखळीत एक हार पचवता येते, म्हणून कोलंबियाच्या मुली त्यानंतरही लढत लढत शेवटच्या कंसापर्यंत आल्या होत्या.

त्याच दिवशी, त्याच मैदानावर त्याआधी तिसऱ्या क्रमांकाचा सामना झाला. बाद फेरीत हा एकच सामना असा, ज्यातून कुणीच बाद होत नाही, कारण दोघंही आधीच हरलेले असतात. त्या मुलीच्या हिशोबात तो बसतच नाही. नायजेरिया आणि जर्मनीच्या मुलींनी त्यात मिळून सहा गोल केले, ३-३. निकाल पेनल्टीवर गेला आणि नायजेरियानं कांस्यपदक घेतलं. मग दिवे लागलेल्या मैदानात अंतिम सामना सुरू झाला. ८१ मिनिटं कुणाचाच गोल नाही. ८२ व्या मिनिटाला चेंडू कोलंबियाच्या जाळ्यात गेला, कोलंबियाच्याच खेळाडूच्या अंगाला लागून. स्पेन १, कोलंबिया ०. उजव्या टोकाच्या त्या आडव्या रेघेवर स्पेनचं नाव लिहिलं गेलं, आणि त्या सामन्यात स्पेनच्या एकाही मुलीच्या नावावर गोल नव्हता.