आरसा वर गेला

एसएलआर कॅमेरा जोडाक्षरात बोलतो. बटण दाबलं की आरसा वर आपटल्याचा 'खट्' आणि तो खाली परतल्याचा 'टक्', दोन्ही इतके चिकटून की कानाला एकच अक्षर वाटतं. सोमवती अमावास्येला जेजुरीत, खंडोबाची पालखी कऱ्हा नदीवर स्नानाला निघालेली असताना, माझ्या कॅमेऱ्यातून अर्धंच अक्षर उमटलं. समोर भंडाऱ्याचा पिवळा पाऊस, आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावला तर मिट्ट काळोख. मागच्या स्क्रीनवर एररची पाटी. शेजारी उभ्या फोटोग्राफरने मान न वळवताच निदान केलं, "मिरर वर गेला." मराठीत वर गेलेला माणूस काही परत येत नाही, तेव्हा मीही आशा सोडून कॅमेरा पिशवीत टाकला.

सगळी भानगड ज्याच्यावरून, तो आरसा हाताच्या दोन बोटांएवढा. लेन्समागच्या काळ्या खोलीत, म्हणजे मिरर बॉक्समध्ये, तो ४५ अंशांत तिरका बसलेला असतो. लेन्समधून आलेलं चित्र तो वरच्या दुधी फोकसिंग स्क्रीनवर टाकतो आणि त्याच्याही वरची पेंटाप्रिझम ते सुलट करून डोळ्यापर्यंत पोचवते. स्वस्त बॉडीत या भरीव काचेऐवजी छोट्या आरशांचीच जुळणी असते. म्हणून तिथलं चित्र जरा मंद दिसतं. घरातल्या आरशाचा मुलामा काचेच्या पाठीवर असतो, याचा मात्र पोटावर, अगदी उघडा. रुमालाने एकदा प्रेमाने पुसला तरी ओरखडा कायमचा. शिवाय हा मुख्य आरसा पुरता आरसाही नाही. त्याच्या मधल्या भागातून थोडा प्रकाश आरपार जातो, मागे लटकलेल्या आणखी छोट्या आरशावर पडतो आणि तिथून खाली तळाशी, ऑटोफोकसच्या सेन्सरवर. आरसा एखाद्या केसाएवढा जरी वाकडा बसला, तरी फोकस डोळ्यांवर धरावा आणि कानावर यावा, असे प्रकार सुरू होतात.

इंग्लंडच्या थॉमस सटनने अशा कॅमेऱ्याचं पेटंट घेतलं ते १८६१ साली. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलच्या रंगीत छायाचित्राच्या प्रयोगासाठी रंगीत फितीचे फोटो टिपून देणारा सटन तो हाच, आणि वर्षही तेच. पण मला या इतिहासातली वेगळीच गोष्ट गमतीची वाटते. १९३६ मध्ये ड्रेस्डेनमध्ये ३५ मिमी फिल्मचा किने एक्झाक्टा निघाला. त्यात फोटो काढला की आरसा वर जाई आणि वरच राही. पुढची फिल्म ओढेपर्यंत व्ह्यूफाइंडर अंधारा. ज्याला आज आपण बिघाड म्हणून छातीत धस्स करून घेतो, तो तेव्हा कॅमेऱ्याचा रोजचा स्वभाव होता. फोटो काढणाऱ्याला त्याचं काही वाटत नसे, अंगठा आपोआप खटक्याकडे जाई. १९४९ च्या काँटॅक्स एसने पेंटाप्रिझम आणली, पण आरसा आपला वरच. फोटो काढून लगेच परतणारा आरसा हंगेरीच्या डुफ्लेक्समध्ये त्याच सुमारास आला होता, पण तो कॅमेरा फारसा बनलाच नाही. ती सोय सर्वांच्या हाती पडली १९५४ मध्ये, जपानी असाहीफ्लेक्स दोन-बीमुळे. त्याच कंपनीने पुढे पेंटाप्रिझमवरून आपल्या कॅमेऱ्याचं नाव पेंटॅक्स ठेवलं. १९५९ चा निकॉन एफ येईपर्यंत आरशाने परत येणं हे गृहीतच झालं होतं. सवय लागली की मग ती मोडल्याचं दुःख.

आरशाला घरीच ठेवून निघालेलेही होते. १९६२ मध्ये अंतराळवीर वॉल्टर शिरा पृथ्वीप्रदक्षिणेला हासेलब्लाड घेऊन गेला, त्यातून आरसा आणि व्ह्यूफाइंडर काढून टाकले होते. वर अवकाशात दुरुस्तीला कोण येणार?

डिजिटल कॅमेऱ्यात आरसा अडकतो म्हणजे काय होतं, हे समजायला बटण दाबल्यानंतरचा क्षण ताणून बघावा लागतो. लेन्समधली पाकळी आवळते. अडकवून ठेवलेला खटका सुटतो आणि स्प्रिंग आरशाला वर फेकते. मग शटरचा पहिला पडदा सरकतो, सेन्सर उघडा पडतो, दुसरा पडदा येऊन तो झाकतो. आता आरसा खाली यायचा आणि एक छोटी मोटर दातेरी चक्रं फिरवून आरशाची व शटरची स्प्रिंग पुन्हा ताणून ठेवणार. अनेक साध्या बॉडींत ही दोन्ही कामं एकाच मोटरकडे असतात. या साखळीत कुणीही चुकलं, तर कॅमेऱ्याचा मेंदू सगळंच थांबवतो, आणि थांबताना आरसा जिथे असेल तिथे राहतो. तो सर्वांत मोठा आणि दिसणारा, म्हणून बोंब त्याच्या नावाने. सासरी कुणाचंही काही बिघडलं की नव्या सुनेचा पायगुण निघायचा, तशातला प्रकार.

त्यातही निम्म्या तक्रारी खोट्या निघतात, असं दुरुस्तीवाले हसत सांगतात. मेनूमध्ये मिरर लॉकअप नावाची सोय असते. मंद शटरला आरशाच्या धक्क्याने चित्र हलू नये म्हणून पहिल्या दाबाला आरसा फक्त वर जातो, दुसऱ्या दाबाला फोटो निघतो. कुणीतरी ती चुकून चालू करतो आणि कॅमेरा घेऊन थेट दुकान गाठतो. लाइव्ह व्ह्यू चालू असेल तरी आरसा वरच असतो. मोठ्या व्यावसायिक बॉडीत तर डोळ्याशेजारी एक बारकी दांडी असते, तिने व्ह्यूफाइंडरवर झडपच पडते. आरसा बिचारा जागेवर, आणि मालक मात्र शोकाकुल.

खऱ्या तक्रारीत पहिला संशय बॅटरीवर घ्यावा. आरशाची स्प्रिंग ताणायच्या क्षणी मोटर एकदम जोरात वीज ओढते. जुनी बॅटरी स्क्रीनवर दोन काड्या दाखवत असली तरी त्या झटक्याला मान टाकते आणि काम अर्ध्यात सोडते. म्हणून बॅटरी आणि कार्ड काढून थोडा वेळ थांबायचं, पूर्ण भरलेली, शक्यतो कंपनीची बॅटरी घालायची. मग लेन्स. बॉडी आणि लेन्स ज्या पिवळ्या धातूच्या टिकल्यांतून एकमेकांशी बोलतात, त्या घामाने, समुद्राच्या हवेने काळवंडतात. कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसाव्यात, दुसरी लेन्स लावून बघावी. कॅननच्या कॅमेऱ्यांत एरर ०१ म्हणजे लेन्सशी संवाद तुटलेला, २० म्हणजे यंत्रणेत अडथळा, ३० म्हणजे शटर. एवढा पाढा पाठ असला तरी दुकानात आपण फसत नाही.

यानंतर लेन्स काढून, बॉडीचं तोंड जमिनीकडे धरून आत डोकावावं. रबरी फुग्याने हलकी हवा मारायला हरकत नाही. डब्यातली दाबाची हवा कटाक्षाने टाळावी. तिच्यासोबत द्रव उडतो आणि शटरची कागदासारखी पातळ पाती वाकतात. आरसा बोटाने खाली ओढण्याचा मोह प्रत्येकाला होतो. अर्ध्या फेऱ्यात थांबलेली चक्रं आणि वरून तुमचं बोट, अशा झटापटीत दाता तुटतो आणि शंभराचं काम हजारांवर जातं. आणि स्क्रू उघडून आत शिरायचं तर नकोच. ज्या बॉडीत फ्लॅश आहे, तिच्यात बॅटरी काढल्यावरही कपॅसिटर ३०० व्होल्टच्या आसपास दबा धरून बसलेला असू शकतो.

आरसा स्वतः दोषी असल्याची उदाहरणंही आहेत, नाही असं नाही. २००५ च्या कॅनन ५डीमध्ये काही आरसे डिंक सुटून चक्क गळून पडले. कंपनीने ते फुकट बसवून दिले. आणि फिल्मच्या जुन्या कॅमेऱ्यात आरसा टेकायला वर जी फोमची पट्टी असते, ती वर्षांनी डांबरासारखी चिकट होते. आरसा वर जातो आणि तिथेच चिकटतो. आपल्याकडचा पावसाळा या कामी फोमला चांगलीच मदत करतो.

माझा कॅमेरा यातल्या कशानेच बरा झाला नाही. नवी बॅटरी घातली की आरसा खाली येई, पुढच्या फोटोला पुन्हा वर. शेवटी मुंबईच्या फोर्टातल्या बोरा बाजारात, कॅमेऱ्यांच्या दुकानांवरच्या एका अरुंद जिन्याने वर गेलो. दुरुस्तीवाल्या काकांनी तक्रार ऐकून घेतली नाही. लेन्स काढली, बॉडी कानाशी धरली आणि बटण दाबलं. तीनदा. डॉक्टर पोटावर बोटं वाजवतात तसं.

"आरसा उत्तम आहे, साहेब," ते म्हणाले. "तो शटरची वाट बघत थांबलाय. कुठे नेला होता?"

"जेजुरीला."

त्यांनी टेबलावर पांढरा कागद पसरला, आरसा लाकडी काडीने कडेला धरला आणि बॉडी पालथी करून हळूच टिचकी मारली. कागदावर पिवळी रेघ पडली. भंडारा. हळद इतकी बारीक, आणि घामाच्या दमटपणाने इतकी चिकट, की शटरच्या पात्यांमध्ये जाऊन एक पातं सरकताना रेंगाळत होतं. पडदा वेळेत बंद होत नव्हता, तशी खबर मेंदूला मिळत नव्हती, आणि आरसा आज्ञेशिवाय खाली यायला तयार नव्हता. मला त्याच्याबद्दल एकदम आदर वाटला.

शटर बदलावं लागणार होतं. काकांनी मागच्या खोक्यातून त्याच मॉडेलची एक मेलेली बॉडी काढली. तिचा मेंदू जळलेला, शटर धड. नवे भाग आता कमी होत चाललेत, म्हणाले. २०१८ मध्ये कॅनन आणि निकॉन दोघांनीही आपले मोठ्या सेन्सरचे बिनआरशाचे कॅमेरे आणले, आणि २०२० चा वन-डी एक्स मार्क तीन हा त्या घराण्यातला शेवटचा आरसेवाला असल्याचं कॅननच्या प्रमुखांनीच सांगून टाकलं. सेकंदाला १६ वेळा आरसा वर-खाली करायचा तो कॅमेरा. वेगाची कमाल गाठली आणि पुढचा रस्ताच संपला. काकांच्या खोक्यातल्या मेलेल्या बॉडी त्यामुळे आता मोलाच्या झाल्यात. "पूर्वी लोक फुकट देऊन जायचे, आता भाव करतात."

चार दिवसांनी कॅमेरा घ्यायला गेलो. त्यांनी लेन्स न लावताच बटण दाबून दाखवलं. खट्-टक्. आरसा गेला आणि आला, दिसलासुद्धा नाही. मी डोळा लावला, तर वरच्या कोपऱ्यात एक पिवळा ठिपका.

"फोकसिंग स्क्रीनवर आहे. फोटोत नाही येणार," काका म्हणाले. "प्लॅस्टिकची असते ती. काढायला गेलो तर ओरखडा पडेल. राहू दे, खंडोबाचा आहे."