आधी उजळपणा, मग रंग

समोरच्या एकाच दाताला कॅप बसवायची असली, की दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याची खरी परीक्षा असते. शेजारचा दात जसाच्या तसा असतो आणि नव्याची तुलना त्याच्याशीच होणार असते. रंग ठरवण्याच्या या कामाला 'शेड घेणं' म्हणतात.

हातात असते शेड गाईड. जर्मनीच्या व्हिटा कंपनीच्या प्रसिद्ध गाईडमध्ये १६ नमुना-दात असतात. त्यांवरचं अक्षर छटा सांगतं: ए म्हणजे तांबूस तपकिरी, बी तांबूस पिवळा, सी करडा, डी तांबूस करडा. नवखा विद्यार्थी आधी अक्षर शोधतो आणि तिथेच फसतो. अमेरिकी चित्रकार अल्बर्ट मन्सेल यांनी १९०५ साली रंगाची तीन अंगं मांडली: छटा, उजळपणा आणि रंगाची तीव्रता. दाताच्या बाबतीत उजळपणाचा मान पहिला. छटा थोडी हुकली तरी खपून जाते. उजळपणा हुकला की कॅप चारचौघांत उठून दिसते. म्हणून गाईडमधले नमुने अक्षरांऐवजी उजळपणाच्या क्रमाने लावायला शिकवतात: बी१, ए१, बी२, डी२ असं करत शेवटी सी४. मग डोळे किलकिले करून पाहायचं, म्हणजे रंगाचा गोंधळ कमी होतो. व्हिटाने १९९८ मध्ये आणलेल्या नव्या गाईडची मांडणीच मुळी उजळपणापासून सुरू होते. छटेचा अंदाज सुळ्यावरून घ्यावा, कारण त्याचा रंग सगळ्यांत गडद असतो.

टक लावून पाहत बसणं मात्र घातक. डोळा पाहता पाहता रंगाला सरावतो आणि फरक दिसेनासा होतो. पाचेक सेकंदांत ठरवायचं, मग नजर करड्या कार्डावर विसावू द्यायची. लिपस्टिक पुसायला सांगायची, भडक ओढणी झाकायची. ट्यूबलाईटखाली जुळलेली शेड उन्हात वेगळी दिसू शकते, म्हणून दिवसाच्या उजेडातही ती पडताळून पाहायची.

आणि हे सगळं दात घासून लहान करण्याआधी, अगदी सुरुवातीला. मला हा नियम सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तोंड बराच वेळ उघडं राहिलं की दात कोरडा पडतो. इनॅमलमधल्या पाण्याची जागा हवा घेते, प्रकाश जास्त विखुरतो आणि दात पांढरट दिसू लागतो. मूळ रंग परतायला कित्येक तास लागू शकतात. कामाच्या शेवटी शेड घेतली, तर कॅप त्या फसव्या पांढरेपणाला जुळते. शेजारचा दात ओला होऊन पूर्ववत झाला, की ती परकी दिसते. पेशंटच्या हसण्याचा प्रश्न असतो, तिथे ही गफलत परवडत नाही.

रंग मोजणारी यंत्रं आहेत आणि ती उपयोगीही आहेत. पण एका दातावर एकच रंग नसतो. हिरडीजवळ तो पिवळसर, टोकाला निळसर पारदर्शक. मधे कुठे पांढरा ठिपका, कुठे बारीक चीर. म्हणून चांगला विद्यार्थी लॅबला नुसतं 'ए२' लिहून पाठवत नाही. दाताचं चित्र काढून कुठे कोणती शेड ते दाखवतो आणि नमुना दाताशेजारी धरून काढलेला फोटो सोबत जोडतो.