आधी धुवा, मग चिरा!

मंडळी, दर उन्हाळ्यात आई-बाबा पुण्याहून आमच्याकडे येतात आणि पहिल्याच आठवड्यात सिंकवरून आमची जुंपते. आईची पद्धत ठरलेली. सिंकला बूच लावायचं, पाणी भरायचं, मूठभर मीठ टाकायचं आणि आणलेली सगळी भाजी-फळं त्यात बुडवायची. सफरचंदांना तर भांड्यांचा साबण! "अरे, मेण लावलेलं असतं त्याला!"

आम्ही दोघंही सॉफ्टवेअरवाले, त्यामुळे "असं का?" विचारायची खोड. शेवटी हेल्थ कॅनडाच्या सूचना वाचून काढल्या. साबण नको, कारण फळांच्या सालीत तो मुरू शकतो आणि मग पोटात जातो. सफरचंदावरचं मेण खाण्यायोग्य प्रकारचंच असतं. सिंकमध्ये बुडवणंही नको. तिथे आदल्या दिवशी कच्चं चिकन धुतलेलं असू शकतं, आणि एका फळावरचे जंतू पाण्यातून सगळ्यांवर जातात. ऑफिसात एका मशीनचा व्हायरस नेटवर्कभर पसरतो ना, तसंच. फ्लॉवरमधल्या अळ्या काढायला मिठाचं पाणी ठीक आहे, तिथे आईचंच बरोबर. पण जंतू अळ्यांइतके भित्रे नसतात. म्हणून नंतर फ्लॉवरही नळाखाली धरायचा.

मग करायचं काय? आधी आपले हात साबणाने धुवायचे. मग वाहत्या गार पाण्याखाली फळ हाताने चोळायचं. बटाटे, गाजरं, खरबूज यांना स्वच्छ ब्रश. बस्स! पिशवीतलं "धुतलेलं, खायला तयार" असं लिहिलेलं सॅलड मात्र पुन्हा धुवायची गरज नाही.

"पण खरबुजाची साल तर आपण टाकूनच देतो," असं आम्हालाही वाटायचं. खरबुजाच्या जाळीदार सालीत जंतू दडून बसतात आणि सुरी फिरली की तिच्याबरोबर थेट गरात जातात. 2023 च्या शेवटी कॅनडात साल्मोनेलाने दूषित खरबुजांमुळे 190 जण आजारी पडल्याची नोंद झाली. त्यातल्या 68 जणांना हॉस्पिटलात ठेवावं लागलं आणि 9 जण दगावले. आजारी पडलेल्यांत बहुतेक 5 वर्षांपर्यंतची मुलं, नाहीतर पासष्टीच्या पुढची माणसं. म्हणजे आपल्या घरात कोण, ते बघा! तेव्हा त्या खरबुजांच्या कापलेल्या फोडीही दुकानांतून परत मागवाव्या लागल्या. असा रिकॉल आला, की धुऊन खाऊ म्हणायचं नाही. सरळ टाकून द्यायचं.

आता आपल्या मुगाकडे येऊ. 2005 साली ओंटारिओत मोड आलेल्या मुगामुळे 600 हून अधिक लोकांना साल्मोनेलाची बाधा झाली. मोडांचं दुखणं असं, की जंतू दाण्याच्या फटीत असतात आणि मोड यायला लागणारी ऊब नि ओल त्यांनाही हवीच असते. ती फडक्यातली पुरचुंडी म्हणजे त्यांचं माहेर! धुऊन ते निघत नाहीत. चांगली शिजवलेली उसळ खुशाल खावी. कच्च्या मोडांची कोशिंबीर मात्र लहान मुलं, गरोदर बायका, वयस्कर आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना देऊ नये.

मंडळाच्या मदतनिधीच्या जेवणाला आपण फ्रूट सॅलडची मोठाली पातेली घेऊन येतो, म्हणून एवढंच. कापलेली फळं 4 अंश सेल्सिअस किंवा त्याहून गार ठेवावीत आणि टेबलावर 2 तासांहून जास्त राहू देऊ नयेत. नाटक लांबलं तरी! कूलरमधून थोडं थोडं बाहेर काढलं की झालं.

आई यंदा स्ट्रॉबेऱ्या चाळणीत घेऊन नळाखाली धरत होती, तीही खाण्याच्या अगदी आधी, नाहीतर ओलीने बुरशी धरते. मिठाचा डबा फक्त फ्लॉवरसाठी बाहेर आला. साबणाचं तिला अजून पटलेलं नाही.